इंदूर–मुंबई विमानाने सात महिने, एकोणीस फेऱ्या: माझा अनुभव

माझा महेश्वरी साड्यांचा व्यवसाय आहे. महेश्वरच्या विणकरांकडून माल घ्यायचा, इंदूरला घरी एकेक साडी उलगडून तपासायची आणि दादर-पार्ल्याच्या प्रदर्शनांत न्यायची. बारा वर्षं ही ये-जा अवंतिका एक्सप्रेसनेच केली. संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी मुंबई सेंट्रल. गेल्या जूनमध्ये पाठीने दगा दिला, डॉक्टरांनी रात्रभराचा प्रवास बंद केला आणि मी विमानाकडे वळले. दोन कंपन्यांची विमानं वापरली. अनुभव दोन्हीकडे जवळपास सारखाच आला, म्हणून नावं लिहीत नाही.

एकोणीसपैकी अकरा फेऱ्या सकाळच्या होत्या. त्यात अर्ध्या तासाहून जास्त उशीर एकदाच झाला. संध्याकाळच्या आठांपैकी पाच उशिरा सुटल्या, एक रद्द झाली. आधी मला वाटलं, आपलं नशीब. मग शेजारच्या सीटवर विमानतळावरच नोकरी करणारे एक गृहस्थ भेटले, त्यांनी नीट समजावलं. एकच विमान दिवसभरात पाच-सहा गावं करतं. उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत हातात जेमतेम अर्धा तास. सकाळी कुठे वीस मिनिटं गेली तर ती भरून निघत नाहीत, पुढच्या प्रत्येक गावाला वाढत जातात. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तिच्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. संध्याकाळच्या प्रवाशाच्या वाट्याला दिवसभराचा साचलेला उशीर येतो.

या पद्धतीवर माझा राग नाही. विमान जमिनीवर उभं राहिलं की पैसा बुडतो, म्हणून ते सतत उडतं ठेवायचं. एकाच जातीची विमानं घ्यायची म्हणजे सुटे भाग आणि वैमानिकांचं प्रशिक्षण स्वस्त पडतं. खाणं, सीट, जादा सामान यांचे पैसे वेगळे घ्यायचे. २००३ मध्ये एअर डेक्कनने हा हिशोब आपल्याकडे आणला, तेव्हा कुठे माझ्यासारखी माणसं विमानात बसू लागली. स्वस्त तिकीट मी समजून-उमजून काढते. विमानात चहा मिळाला नाही म्हणून मी कधी तक्रार केलेली नाही.

माझं म्हणणं ऑक्टोबरमधल्या एका रात्रीबद्दल आहे. मुंबईहून रात्री सव्वाआठचं विमान. फोनवर पहिला संदेश आला: नऊ वाजता. मग नऊ चाळीस. मग साडेदहा. गेटवर देवासचं एक वयस्कर जोडपं होतं. काकांना मधुमेह, जवळचा डबा संपलेला, काकू कावऱ्याबावऱ्या झालेल्या. मी काउंटरवर गेले. तिथली मुलगी जेमतेम बावीस-तेवीसची असेल. म्हणाली, "मॅडम, अपडेट आलं की सांगते." मी विचारलं, विमान आत्ता कुठे आहे? तिला माहीत नव्हतं. खायला काही मिळेल का? "सॉरी मॅडम, सध्या तशी काही सूचना नाही." मग मी सांगितलं की डीजीसीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर खाणं-पिणं कंपनीनेच द्यायचं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं, त्याने मान हलवली. तिने ड्रॉवर उघडला. आत कुपनांचा गठ्ठा होता. रबर बँड लावलेला, शिक्के मारलेले.

म्हणजे कुपनं तिथे आधीपासून होती. जो विचारेल त्याला द्यायची, एवढंच ठरलेलं होतं. गेटवर सव्वाशे तरी माणसं असतील. मला पाहून रांगेत आली ती तीसेक. काकांना इडली मिळाली तेव्हा दहा वाजून गेले होते.

त्या मुलीचा मला मुळीच राग आला नाही. तासभर ती लोकांचं बोलणं ऐकून घेत होती, आवाज एकदाही चढवला नाही. पण कंपनीने तिला फक्त नम्र बोलायला शिकवलं होतं. विमान कुठे आहे हे बघायची सोय तिच्यापुढे नव्हती, कुपन द्यायचा अधिकारही नव्हता. असं माणूस पुढे उभं करणं हा तिच्यावरही अन्याय आहे.

याच्या अगदी उलट प्रसंग जुलैत इंदूरच्याच विमानतळावर पाहिला. मुंबईत धो धो पाऊस, सगळं ठप्प. ड्युटी मॅनेजर स्वतः गेटवर आले आणि मोठ्याने सांगितलं: विमान अहमदाबादला उतरवलंय, अकराच्या आत येत नाही. ज्यांना उद्या जायचंय त्यांनी डावीकडे या, पैसे परत हवेत त्यांनी उजवीकडे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी. पंधरा-वीस मिनिटांत गडबड शांत झाली. उशीर तेवढाच झाला, पैसाही जादा लागला नाही. मी थांबले, कारण केव्हापर्यंत थांबायचं हे मला कळलं होतं.

रद्द झालेल्या फेरीचंही सांगते, कारण बरेच जण इथे हक्क सोडून देतात. पाच तास आधी संदेश आला, कारण दिलं "परिचालन", म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कामकाजातली अडचण. दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं, ते मी घेतलं. पण चोवीस तासांच्या आत कळवून विमान रद्द केलं आणि कारण पाऊस, धुकं, संप असं कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर भरपाई वेगळी मिळते. इंदूर–मुंबईसारख्या एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. कंपनीच्या ईमेलवर दोनदा गुळगुळीत उत्तर आलं. मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली, नियम लिहून, संदेशाचा फोटो जोडून. सव्वीस दिवसांनी पैसे खात्यात आले.

डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिक कमी पडले आणि देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, ती बातमी वाचताना मला तो ड्रॉवर आठवत होता. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर जाणार हे फार आधी ठरलेलं होतं. ती विश्रांती हवीच. झोप न झालेल्या माणसाच्या हाती मला माझा जीव द्यायचा नाही. त्या हिशोबाने जादा माणसं वेळेत हाताशी हवी होती. खर्च इतका आवळला की थोडं काही हललं तरी सगळं कोसळतं, आणि मग गेटवर उत्तर द्यायला तीच बावीस वर्षांची मुलगी असते.

सामानाचं थोडक्यात: १५ किलोत साधारण पंचवीस साड्या बसतात. जादा वजनाचे पैसे आधी ऑनलाइन भरा, काउंटरवर बरेच जास्त पडतात. रेशमी माल नेहमी हातातल्या सात किलोंत ठेवा.

आता मी जाताना सकाळचंच पहिलं विमान घेते. येताना संध्याकाळचं घ्यावं लागलं तर दुसऱ्या दिवशी कोणालाही वेळ देत नाही, आणि पिशवीत दशम्या-चटणी असतेच, दोन माणसांपुरती जास्त.