हुरड्याच्या हंगामात वापरलेले इन्फ्रारेड हीटर

सोलापूरची ओळख कडक उन्हाची. परंतु मंगळवेढा रस्त्यावरील आमच्या शेतात डिसेंबर-जानेवारीत हुरडा पार्ट्या चालतात, तेव्हा दिवस मावळला की मोकळ्या रानातला वारा अंगाला झोंबू लागतो आणि वडीलधारी मंडळी आगटीजवळून उठून गाडीत जाऊन बसतात.

यासाठी आधीच्या हंगामात आम्ही छत्रीच्या आकाराचा गॅस हीटर भाड्याने आणला होता. पूर्ण आचेवर त्याला तासाला सुमारे एक किलो गॅस लागतो, म्हणजे 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर जेमतेम वीस तास पुरते. शिवाय तापलेली हवा वाऱ्यासरशी निघून जाते.

यंदा 2 किलोवॅटचे चार इन्फ्रारेड हीटर घेतले आणि मी समाधानी आहे. त्यांचे किरण हवेपेक्षा थेट अंगाला ऊब देतात, त्यामुळे वाऱ्यातही फरक जाणवतो. साडेसात फुटांवर, बैठकीकडे तिरके तोंड करून ते लावले. पहिल्याच आठवड्यात एका आजींनी डोक्यावरची शाल काढून मांडीवर ठेवली आणि शेंगाचटणीसोबत पुन्हा हुरडा मागून घेतला.

विक्रेत्याविषयी मात्र माझी तक्रार आहे. 'कोणत्याही बोर्डाला लावा' असे त्यांनी सांगितले आणि पहिल्याच संध्याकाळी एक्स्टेंशनची वायर चटका बसण्याइतकी तापली. 230 व्होल्टवर असा एक हीटर जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढतो, चार मिळून 35. हे गिऱ्हाइकाला आधी सांगायलाच हवे होते. पुढे वायरमनकडून 16 अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट व एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारे बटण) बसवून घेतले आणि भार तिन्ही फेजवर वाटला, त्यानंतर त्रास झाला नाही.

रात्री दव पडते, म्हणून आयपी 65 दर्जाचेच, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाऊ देणारे हीटर निवडले. मांडवाचे कापड आणि कडब्याची गंज यांच्याजवळ मी एकही लावू दिलेला नाही. चारही चालू असतील तर तासाला 8 युनिट जळतात. प्रत्येकाला वेगळे बटण असल्याने रिकाम्या बैठकीवरचा लगेच बंद करता येतो, आणि गॅस हीटरच्या एकाच मोठ्या आचेत ही सोय नव्हती. नळीचा तांबडा उजेड समोर बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो, एवढी उणीव आहे. त्यामुळे घेण्यापूर्वी दुकानात तो अंधारात लावून पाहावा.