जुन्या ट्रकसाठी ऑइल: मिनरल की सिंथेटिक?

५ लाख किलोमीटर धावलेल्या डिझेल इंजिनात १५डब्ल्यू-४० मिनरल (कच्च्या तेलातून गाळलेलं साधं ऑइल) घालावं की ५डब्ल्यू-४० सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं)? इंजिन तापल्यावर दोन्ही ४० ग्रेडचीच, म्हणजे साधारण सारखीच दाट. खरा फरक थंड स्टार्टला पडतो: ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. कडाक्याच्या थंडीत सिंथेटिक बेअरिंगपर्यंत लवकर पोहोचतं, शिवाय उष्णतेत उशिरा खराब होतं. पण इंजिन ऑइल खात असेल, सारखं टॉप-अप लागत असेल, तर महागडं ऑइल जाळून काय हशील? तिथे मी मिनरलच घेईन.

सिंथेटिक आहे म्हणून बदलण्याचं अंतर मात्र डोळे झाकून वाढवू नका. काजळी आणि झिरपलेलं डिझेल दोन्हींत साचतंच, झिजलेल्या इंजिनात तर जास्तच. आधी ऑइलचा नमुना लॅबमध्ये तपासून घ्या. तोवर गाडीच्या पुस्तिकेतलं अंतर पाळा. धुळीत किंवा जड मालावर गाडी चालत असेल तर त्याहून लवकर बदला.