शेटलंड पोनी: जुना बांधा आणि नवा डौल

मुलांना घोडेस्वारी शिकवण्यासाठी पोनी निवडताना मी शेटलंडचे दोन्ही प्रकार हाताळून पाहिले आणि एकाच नावाखाली इतकी वेगळी जनावरे असावीत, याचे नवल वाटले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरील मूळ वळणाचा पोनी ४२ इंचांहून उंच नसतो. छाती रुंद, पाय आखूड, आणि हिवाळ्यात अंगावर केसांचा इतका दाट थर चढतो की त्यात रुतवलेली बोटे कातडीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या खाणींतून कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या या जातीच्या ताकदीबद्दल तक्रार नाही. हट्टीपणाबद्दल मात्र आहे: हिरवळ दिसली की लगाम हिसकावून मान खाली गेलीच म्हणून समजावे.

अमेरिकेत हॅकनी पोनीच्या (पावले उंच उचलणारी, गाडीला जुंपायची इंग्लिश जात) संकरातून घडवलेला आधुनिक प्रकार ४६ इंचांपर्यंत वाढतो. त्याची मान लांब, डोके रेखीव आणि गाडीला जुंपल्यावर गुडघे उंच उचलत चालण्याची ढब पाहत राहावी अशी आहे. प्रदर्शनाच्या रिंगणात तो उठून दिसतो, पण नवशिक्या मुलासाठी मला जरा जास्तच तापट वाटला. मी जुनाच बांधा पसंत केला. त्याचा चारा मात्र मोजूनमापून द्यावा लागतो, कारण भरपूर गवतावर मोकळे सोडल्यास त्याला खुरांचा दाह लवकर होतो.