वीडरमध्ये पेट्रोल भरायला काय घ्यावं: नरसाळं, नोझलचा कॅन, सायफन की हातपंप?

वीडर (तण काढायचं इंजिनचं मशीन) घेताना दुकानदार गीअर कसा टाकायचा दाखवतो, ऑइल किती ते सांगतो, ब्लेड बसवून देतो, पण रानात पेट्रोल कशाने भरायचं हे कोणी सांगत नाही, मग शेडमध्ये जे हाताला लागेल त्यावर काम चालू होतं आणि निम्मं पेट्रोल मातीत.

आमच्याकडे आलं आणि ऊस आहे, भांगलणीला माणूस मिळेना म्हणून 7 एचपीचा पेट्रोल वीडर घेतला, बांधाला ग्रासकटर आधीपासून होताच. पहिल्या हंगामात 20 लिटरच्या कॅनमधून सरळ ओतायचो. एकदा सरीच्या मधोमध मशीन बंद पडलं, पेट्रोल संपलं म्हणून लगेच कॅन उचलला, दोनदा गुडगुडलं आणि एकदम असा लोट आला की टाकीवरून ओघळून सायलेन्सरच्या जाळीवर गेला, चर्र झालं आणि पांढरी वाफ निघाली. पेटलं नाही एवढंच. त्यानंतर एक एक करून सगळे प्रकार वापरून बघितले, कोणी घ्यायचा विचार करत असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आधी कॅनच्या साईजचं बोलू, कारण माझ्या मते सांडायचं मूळ तिथंच आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आसपास, तरी 20 लिटर भरलेला कॅन 15 किलोच्या वर जातो आणि तो कमरेइतक्या उंचीवर तिरका धरून तळहाताएवढ्या तोंडात ओतायचा म्हणजे हात थरथरणारच. 5 लिटरचा भरलेला कॅन चार-पाच किलोच भरतो. या इंजिनांची टाकी मुळात तीन-साडेतीन लिटरची, होंडाच्या जीएक्स 160 ला तर 3.1 लिटर आहे, मग रानात 20 लिटर न्यायचं कारणच काय. मोठा कॅन शेडमध्ये सावलीला ठेवा आणि रानात 5 चा न्या, एवढं केलं तरी निम्मा प्रश्न मिटतो.

आता नरसाळं. सगळ्यात स्वस्त, गावात कुठंही मिळतं, जाळीचं घेतलं तर काडी-कचरा पण अडतो. अडचण अशी की ते टाकीच्या तोंडात घट्ट बसलं की आतली हवा बाहेर यायला जागा राहत नाही, पेट्रोल नरसाळ्यातच थांबतं आणि मग हवा एकदम भसकन वर येते ती पेट्रोल घेऊनच. उपाय सोपा आहे, नरसाळ्याच्या नळीला बाहेरून एक जाड तार वाकवून लावा म्हणजे फट राहते. दुसरं म्हणजे नरसाळ्यामुळे टाकी किती भरली ते दिसत नाही, आणि काढून घेताना त्यातलं थेंब थेंब पेट्रोल इंजिनवरच गळतं, त्यामुळे दुसऱ्या हातात फडकं पाहिजेच. कधीतरी भरणाऱ्याला नरसाळं पुरेसं आहे. रोज दोन-तीन वेळा भरायचं असेल तर वैताग येतो.

नोझलचा कॅन, म्हणजे ज्याला वाकणारी लांब नळी आणि मागे हवा घ्यायला छोटं बूच असतं तो. मला हाच सगळ्यात जमला. हवेचं बूच उघडलं की धार एकसारखी पडते, गुडगुड नाही, आणि नळी टाकीच्या आत जात असल्यामुळे बाहेर उडत नाही. ज्यांच्याकडे साधाच कॅन आहे त्यांनी एक करून बघा, तोंड कॅनच्या एका कडेला असतं ना, ते खाली नाही तर वरच्या बाजूला येईल असं धरून ओता, म्हणजे पेट्रोलच्या वरून हवा आत जात राहते आणि धार तुटत नाही. ऑइलच्या डब्याला पण हेच लागू. एवढी साधी गोष्ट मला कितीतरी वर्षं माहीत नव्हती.

याच कॅनला आपोआप बंद होणारं नोझल पण मिळतं, दाबल्याशिवाय धार येत नाही. अमेरिकेत 2009 पासून पेट्रोलच्या नव्या कॅनला असं नोझल सक्तीचं आहे. तिकडं लॉन ट्रॅक्टर चालवणाऱ्या माझ्या मावसभावाचं म्हणणं की स्प्रिंग कडक असते, दोन्ही हात त्यातच अडकतात आणि कॅनचा तोल जातो. म्हणून घेताना दुकानातच पाणी भरून एका हाताने दाबून बघा, घरी आणल्यावर पूर्ण वाळवूनच पेट्रोल भरा.

सायफन (वरच्या कॅनमधून खालच्या टाकीत पेट्रोल उतरवणारी नळी), तांब्याचं टोक आणि आत गोळी असलेला, वरखाली पाच-सहा वेळा हलवला की चालू होतो. बघायला लई भारी वाटतं. पण कॅन टाकीपेक्षा उंच लागतो, म्हणजे बांधावर किंवा ट्रॉलीत ठेवायचा आणि मशीन तिथपर्यंत आणायचं. शिवाय नळीत जे पेट्रोल उरतं त्याचा कोणी हिशोब करत नाही, अर्धा इंची सहा फुटी नळीत 200 मिलीच्या वर बसतं, ते गोळीमुळे परत कॅनमध्ये जात नाही, टाकीतच सोडावं लागतं. वीडरला चालून जाईल, पण ग्रासकटरची टाकी खूपच छोटी असते, तिथं ती हमखास उतू जाणार. आणि साधी नळी टाकून तोंडाने ओढायची सवय असेल तर आजपासून बंद करा, घोटभर पेट्रोल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखं होऊन माणूस जातो, आणि कोणी गिळलंच तर उलटी करायला लावू नका, थेट दवाखान्यात न्या.

हातपंप, रॉकेल काढायला वापरायचे तसला फुगा दाबायचा. मोठ्या कॅनमधून छोट्यात काढायला उत्तम, रानात मात्र धरायला तिसरा हात लागतो. बॅटरीवरचे पाण्याच्या जारचे पंप पेट्रोलला अजिबात नको, मोटरमध्ये ठिणगी पडते आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तिथंच खाली साचून राहते.

प्लास्टिक की पत्रा? मी पत्र्याचा घेतला. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात घरच्या वापराला 30 लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण भांडं घट्ट बुचाचं आणि काचेचं, चिनी मातीचं किंवा धातूचं म्हटलंय, धातूचं असेल तर 25 लिटरपर्यंत, प्लास्टिकचं नावच नाही. पत्रा असो की काही, गळ्यापर्यंत भरू नका. सकाळी 20 डिग्रीला भरलेलं 5 लिटर दुपारी 45 डिग्रीला 100 मिलीच्या वर फुगतं, आणि बूच उघडल्यावर तोंडावर उडतं ते हेच. पंपावर भरताना कॅन गाडीवर ठेवून नाही, जमिनीवर ठेवून भरा.

तर माझा सल्ला असा. फक्त वीडर असेल तर 5 लिटरचा पत्र्याचा नोझलचा कॅन घ्या आणि जाळीचं एक नरसाळं जवळ असू द्या. सोबत ग्रासकटर असेल तर त्याला वेगळा 1 लिटरचा छोटा कॅन करा, टू स्ट्रोक असेल तर ऑइल त्यातच मिसळायचं, 50 ला 1 सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली, आणि वरून लाल पट्टी मारा म्हणजे वीडरच्या कॅनशी घोळ होणार नाही. घरात 20 चा साठा असेल तरच हातपंप घ्या. सायफनला मी तरी पैसे घालणार नाही.

काहीही घेतलं तरी इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचंच, तेवढ्यात ब्लेडला गुंडाळलेलं गवत काढून होतं. मशीन सपाट जागेवर, पेट्रोल टाकीच्या तोंडातल्या जाळीच्या वरच्या रिंगपेक्षा थोडं खालीच भरायचं, झाकण लावून कॅन दहा पावलं लांब ठेवून मगच दोरी ओढायची. सांडलंच तर फडक्याने पुसा, खाली माती टाका, मशीन ढकलून बाजूला न्या आणि वास पूर्ण गेल्यावर चालू करा. ते फडकं शेडमध्ये कोंबू नका, उन्हात तारेवर वाळत टाका.