मिरजेचा ड्युटी चार्ट, कुपवाडची रात्रपाळी की उसाचा फड?

सांगलीत बसून कामगारांच्या हजेरी-हिशेबाचं अ‍ॅप काढायचं म्हटलं की गिऱ्हाईक तीन ठिकाणी दिसतं: कुपवाड-मिरजेची एमआयडीसी, मिरजेतले दवाखाने आणि ऊसतोड. यातलं आधी कुठलं धरायचं या विचारात तुम्ही असाल, तर हे तुमच्यासाठी. मी या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांचं आणि दवाखान्यांचं पगार, पीएफ, ईएसआयचं काम करतो. हजेरीचे कागद रोज हातातून जातात.

एमर्जन्स कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने 2018 च्या अहवालात मांडलं होतं की टेबलखुर्चीशिवाय काम करणारी माणसं जगात 270 कोटी आहेत, म्हणजे एकूण कामकऱ्यांच्या 80 टक्के. आपल्याकडे 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर 30 कोटींहून जास्त असंघटित कामगारांची नोंद आहे. आकडे खरे आहेत, पण त्यावरून धंद्याचा अंदाज बांधू नका. अ‍ॅपचे पैसे कामगार देत नाही, मालक देतो, आणि तोही दर महिन्याला कुठेतरी नुकसान सोसत असेल तरच. त्यामुळे मी डोकी मोजायच्या आधी हजेरीवरून भांडण कुठे होतं ते बघतो.

कुपवाडला गिऱ्हाईक गाठणं सगळ्यात सोपं. एका दुपारी दहा गेट होतात. पण तिथली साधी हजेरी कधीच विकली गेली आहे. आठ-दहा हजारांत अंगठ्याचं मशीन मिळतं, सॉफ्टवेअर त्याच्यासोबतच येतं, मोबाईलवर पगारबुकसारखी अ‍ॅपं आहेत. महिन्याची वर्गणी म्हटली की मालकाचा पहिला प्रश्न, "मशीन घेतलंय की, आता परत कशाचे पैसे?"

मशीन आलं म्हणून प्रश्न मिटलेला नाही. फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला असलेल्या माणसाचा अंगठा वाळूने आणि ग्राइंडरने इतका झिजलेला असतो की रेषा उरत नाहीत. तो अंगठा पँटला पुसतो, ठेवतो, परत पुसतो, परत ठेवतो. मागे रांग वाढत जाते. शेवटी सुपरवायझर वहीत नाव लिहून घेतो आणि महिनाअखेरीला ती वही माझ्याकडे येते. रात्रपाळीचं दुखणं याहून मोठं. माणूस 12 तारखेला रात्री 11 ला आत जातो आणि 13 ला सकाळी 7 ला बाहेर पडतो. पाळी नीट बसवलेली नसेल तर सॉफ्टवेअर 12 ला 'आऊट' नाही म्हणतं, 13 ला 'इन' नाही म्हणतं आणि दोन्ही दिवस खाडा लावतं. एका ठिकाणी असे अकरा जणांचे खाडे लागले होते आणि पगाराच्या दिवशी ती माणसं गेटवर उभी राहिली. मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत वह्या जुळवत होतो. ओटी, म्हणजे जादा तासांचा पगार, कायद्याने दुप्पट दराने द्यायचा असतो, म्हणजे चुकलेला एक तास दोन तासांच्या भावाने कुणाच्या तरी खिशातून जातो.

कुपवाडमध्ये मोकळी जागा दिसते ती ठेकेदाराच्या माणसांत. गेटवरच्या नोंदीत 38 माणसं, ठेकेदाराच्या बिलात 41. या तीन माणसांवरून दर महिन्याला वाद होतो, बिल अडकतं आणि त्यापायी हेल्परचा पगार लांबतो. दोन्ही बाजूंना एकच नोंद दिसेल असं काही दिलंत तर कारखानदार पैसे मोजेल. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालं. त्यामुळे ठेक्यावरच्या माणसांचे कागद आता मालकालाही नीट हवे आहेत.

मिरजेचं गणित वेगळं. 1894 मध्ये वानलेस यांनी इथे दवाखाना काढला, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं आहे. बेळगाव, विजापूरकडचे पेशंट आजही इथे येतात. दवाखाना बारा महिने, चोवीस तास चालतो. इथे हजेरीपेक्षा अवघड असतो तो ड्युटी चार्ट. मी पाहिलेला एक चार्ट सांगतो. आखीव कागद, उभ्या रांगेत सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉय, मावशी, आडव्या रांगेत तारखा. सकाळचा 'एम', संध्याकाळचा 'ई', रात्रीचा 'एन' आणि सुट्टीचा 'ओ'. व्हाइटनर इतक्या वेळा लावलेला की कागद जाड झाला होता. इन्चार्ज सिस्टर तो महिन्याच्या शेवटच्या दोन रात्री घरी बसून करते, फोटो काढून ग्रुपवर टाकते, आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मुलाला ताप येतो. मग फोनाफोनी. कुणी डबल ड्युटी करतं, चार्टवर ती चढत नाही, पगारात ती दिसत नाही. चांगल्या सिस्टर दवाखाना सोडतात त्याचं एक कारण हे आहे, आणि नवी सिस्टर मिळवणं किती अवघड ते डॉक्टरांना पक्कं माहीत असतं. एनएबीएचचं, म्हणजे दवाखान्याच्या दर्जाचं मानांकन हवं असेल तर स्टाफच्या नोंदीही तपासल्या जातात. पैसे द्यायला इथे ही दोन ठोस कारणं आहेत.

कुपवाडशी ताडून बघा. गिऱ्हाइकांची संख्या मिरजेत कमी, पण निर्णय बहुतेक ठिकाणी डॉक्टर आणि घरातलंच कुणीतरी घेतं, त्यामुळे लटकत नाही. नडतं एकच: अ‍ॅप वापरणार सिस्टर आणि तिला वेळ नाही. बदली टाकायला एका मिनिटापेक्षा जास्त लागलं तर ती परत कागदावर जाईल आणि तिचं बरोबरच असेल.

आता ऊस. माणसांच्या गरजेने पाहिलं तर यासारखं क्षेत्र नाही. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून, जतच्या दुष्काळी गावांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमामार्फत उचल आधीच घेतलेली असते, मजुरी टनावर, हिशेब पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. किती टन तुटला, उचलीतले किती फिटले, किती बाकी राहिले हे मुकादमाच्या वहीत असतं आणि कोयत्याला ते तोंडी कळतं. दुसरीकडे उचल देऊन टोळीच न आल्याने कर्जात बुडालेले ट्रॅक्टरमालक आपल्या गावोगावी आहेत. दोघांनाही स्वच्छ खातं हवं आहे.

तरीही पहिला धंदा म्हणून मी हे सुचवणार नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा, पैसे देणारा कारखाना किंवा वाहतूकदार म्हणजे ट्रॅक्टरमालक, आणि काट्यावरची पावती बऱ्याच कारखान्यांत संगणकातून निघतेच. नुसत्या वाहतूकदारासाठी अ‍ॅप काढलंत तर उद्या ती थकबाकीदार मजुरांची यादी होईल, आणि ती यादी कोयत्यावरच्या बाईलाही पुढच्या साली बांधून ठेवेल. हे माझ्या मनाला पटत नाही. करायचंच असेल तर प्रत्येक खेपेनंतर कोयत्याच्या फोनवर मराठीत आवाजी निरोप गेला पाहिजे: आज इतके टन, उचलीतले इतके फिटले. नवरा-बायको दोघांच्याही नावाने.

तासगावकडची द्राक्षं आणि बेदाण्याची शेड मी यादीत धरली नाहीत. काम थोड्या आठवड्यांचं, रोजची मजुरी जवळपास हातोहात.

अंगठा, चेहरा आणि लोकेशन ही माहिती कुठे ठेवता, ते गिऱ्हाइकाला लेखी द्या. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, शिवाय सुट्टीच्या दिवशीही मालकाला आपण कुठे आहोत ते दिसतं असा संशय एकदा आला की माणसं फोन घरी ठेवून येतात.

माझं मत: आधी मिरज, तेही तीस ते शंभर स्टाफच्या दवाखान्यांत. तिथे वर्षभर टिकलात की कुपवाडला ठेकेदाराच्या बिलापासून शिरा. मिरजेत पहिल्यांदा जाल तेव्हा सकाळी पावणेआठला वॉर्डात जा. त्या वेळी नाईटची सिस्टर ओव्हर देत असते, म्हणजे दिवसपाळीकडे काम सोपवत असते, आणि दिवसपाळीचं कोण आलं नाही ते तिथेच कळतं. तिच्याकडे गेल्या तीन महिन्यांचे चार्ट बघायला मागा. डॉक्टरांची वेळ त्यानंतर घ्या.