अल्फाफोल्ड सर्व्हर: रचना झटपट मिळते, औषधाचं भाकीत नाही

प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम चिकटवायचा आणि काही मिनिटांत त्याची त्रिमितीय रचना मिळवायची, हे काम अल्फाफोल्ड सर्व्हर या संकेतस्थळाने फार सोपं केलं आहे. मे २०२४मध्ये अल्फाफोल्ड ३ या एआय मॉडेलसोबत ही सेवा सुरू झाली. गूगल खातं असलं की झालं, पैसे लागत नाहीत. पण वापर फक्त अव्यावसायिक संशोधनासाठी, आणि रोज ठरावीक संख्येनेच कामं पाठवता येतात. जैवतंत्रज्ञानातला पुढचा मोठा शोध कुठून येईल याचा अंदाज बांधणारे हल्ली या साधनाकडे बोट दाखवतात. म्हणून ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे एकदा नीट पाहायला हवं.

रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिनच घ्या. अल्फा साखळीच्या २ प्रती, बीटाच्या २ आणि यादीतून निवडलेले ४ हीम (ऑक्सिजन धरणारे लोहयुक्त छोटे रेणू). एका कामाला ५००० टोकनची, म्हणजे मोजणीच्या एककांची, मर्यादा आहे. प्रत्येक अमिनो आम्लाला एक टोकन लागतं, पण हीमसारख्या छोट्या रेणूत हायड्रोजन सोडून प्रत्येक अणूचं वेगळं टोकन मोजलं जातं. साखळ्यांचे ५७४ आणि चार हीमचे १७२, असे ७४६ टोकन होतात.

बऱ्याच चुका क्रम चिकटवतानाच होतात. युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यावरून उचललेल्या क्रमात सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल असतं, पेशीत मात्र ते कापलं जातं. त्यामुळे बीटा साखळी १४७ची दिसते, प्रत्यक्षात ती १४६ची असते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात बीटा साखळीतल्या सहाव्या जागच्या ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, असं पाठ्यपुस्तकात असतं. ही मोजणी मेथिओनिन काढल्यानंतरची आहे. ते न काढता सहावं अक्षर बदललंत तर तिथलं प्रोलिन उडतं आणि मॉडेल भलत्याच प्रथिनाचं बनतं. सर्व्हर काहीही कुरकुर न करता सुंदर चित्र काढून देतो! डीएनएचंही तसंच: एकच धागा दिला तर एकच धागा मिळतो, पूरक धागा मेन्यूतून स्वतः जोडावा लागतो.

निकालात रचनेच्या अंदाजाची पाच मॉडेलं येतात. त्या त्या भागाबद्दल किती खात्री आहे, हे पीएलडीडीटी हा १००पैकीचा गुणांक सांगतो. गडद निळा भाग म्हणजे पीएलडीडीटी ९०च्या वर, तो विश्वासाने घ्यावा. नारिंगी म्हणजे ५०च्या खाली. तिथे नीटस मळसूत्र दिसलं तरी त्याला भुलू नका. जे भाग मुळातच सैल, बिनआकाराचे असतात तिथेही अल्फाफोल्ड ३ कधीकधी मनाने रचना भरतो. साखळ्या एकमेकींना कशा चिकटल्या हे मात्र रंगावरून कळत नाही, त्यासाठी आयपीटीएम हा जुळणीच्या खात्रीचा ० ते १ मधला गुणांक बघा. ०.८च्या वर असेल तर भरवसा ठेवा, ०.६च्या खाली असेल तर जुळणी बहुधा चुकली असं समजा, मधल्या पट्ट्यात खात्री नाही. दोन्ही साखळ्या गडद निळ्या आणि आयपीटीएम ०.३ असा निकाल आला, तर प्रत्येक साखळी बरोबर असेल, जोडी नाही. प्रतिपिंडांच्या बाबतीत एका सीडवर (गणनेची सुरुवात ठरवणाऱ्या यादृच्छिक आकड्यावर) थांबू नये. सीड बदलून तेच काम पुन्हा पुन्हा चालवलं तरच चांगली जुळणी सापडण्याची शक्यता वाढते.

आता मुद्द्याची गोष्ट. साधं हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचं हिमोग्लोबिन अशी दोन कामं चालवली, तर दोन्ही मॉडेलं जवळपास सारखीच दिसतात. एकट्या रेणूची घडी खरोखरच फारशी बदलत नाही, त्यामुळे हा निकाल चुकीचा नाही. ऑक्सिजन सुटल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात आणि तांबडी पेशी वाकते. आजार त्या गर्दीत आहे, एका रेणूच्या चित्रात नाही. शिवाय हिमोग्लोबिनच्या ढीगभर रचना या मॉडेलने प्रशिक्षणातच पाहिल्या आहेत, त्यामुळे इथल्या निळ्या रंगाला परीक्षेतले गुण समजू नये.

सिकलसेल हा रेणूचा आजार आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९मध्ये दाखवलं. हिमोग्लोबिनची रचना उलगडल्याबद्दल मॅक्स पेरुट्झ यांना १९६२चं नोबेल मिळालं. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रावर आधारलेल्या कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या उपचाराला मान्यता मिळायला मात्र २०२३चं वर्षअखेर उजाडलं. तो उपचारही बिघडलेली बीटा साखळी दुरुस्त करत नाही. बीसीएल११ए हे जनुक चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा तोडून तो जन्माआधी गर्भात असणारं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. रचना हातात असूनही वाट जनुकाच्या नियमनातून निघाली. ‘रचना कळली, आता औषध दोन वर्षांत’ अशी भाकितं वाचताना हा साठ वर्षांचा हिशेब समोर ठेवावा.

औषधाचा रेणू प्रथिनाला किती घट्ट धरतो, हे हा सर्व्हर सांगत नाही. स्वतःचा नवा रेणूही त्यात टाकता येत नाही, एटीपी (पेशीतला ऊर्जावाहक रेणू), हीम अशा ठरावीक यादीतूनच निवडावं लागतं. निकाल डॉकिंगसाठी, म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर तपासण्यासाठी, वापरायलाही अटींमध्ये मनाई आहे. ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांनी बोल्ट्झ-२कडे वळावं. जून २०२५मध्ये आलेलं हे मॉडेल मुक्त परवान्याचं आहे, व्यावसायिक वापरालाही चालतं, आणि बंधाच्या ताकदीचा अंदाज देतं. नजीकच्या काळातली खरी हालचाल मला इथेच दिसते. ते चालवायला चांगलं जीपीयू (जड गणनेची संगणकीय चिप) आणि कमांड लाइनची, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करून देण्याची, सवय लागते. ती तयारी नसेल आणि प्रश्न फक्त ‘या दोन साखळ्या कुठे भिडतात’ एवढाच असेल, तर अल्फाफोल्ड सर्व्हर पुरतो.