विमानाचं डिझाइन शिकायचंय: एनपीटीईएल, एमआयटी की नासाचे जुने अहवाल?

आधी एक गोष्ट ठरवा. नागपूरच्या मिहानमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या विमानांचं काम स्वतःच्या सहीने पास करायचं असेल, तर डीजीसीएचं (भारताच्या नागरी विमान नियामकाचं) एएमई, म्हणजे विमान-देखभाल इंजिनिअरचं, लायसन्स लागतं आणि तो रस्ताच वेगळा. हे लिहितोय ते मेकॅनिकलच्या सेकंड-थर्ड इयरला असलेल्या, रात्रीचं जेवण झाल्यावर तास-दोन तास काढू शकणाऱ्या आपल्याकडच्या पोट्ट्या-पोट्टींसाठी, ज्यांना विमान कसं आखतात हे शिकायचंय.

सुरुवात एनपीटीईएलपासूनच, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसपासूनच करा. आयआयटी मुंबईचे प्रा. राजकुमार पंत यांचा विमान-डिझाइनचा कोर्स तिथे फुकट बघता येतो. पैसे लागतात ते फक्त परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तर. पण माझा जास्त जीव आहे तो तिथल्याच आयआयटी मद्रासच्या लेखी नोट्सवर. त्यात १५० आसनी जेट विमानाचं प्राथमिक डिझाइन वजनाच्या पहिल्या अंदाजापासून पायरीपायरीने सोडवून दाखवलंय. व्हिडिओ बघताना सगळंच समजल्यासारखं वाटतं. वही-कॅल्क्युलेटर घेऊन त्या नोट्समधलं एक पान सोडवायला बसलात, की आपण नेमके कुठे अडतो ते कळतं.

एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरचं (ऑनलाइन खुल्या कोर्स-साहित्याचं) नाव मोठं आहे आणि साहित्यही अस्सल आहे. फक्त कोर्सच्या नावावर जाऊ नका. २००५ चा ‘एअरक्राफ्ट सिस्टिम्स इंजिनिअरिंग’ हा कोर्स उघडला, तर त्यात अभ्यासलंय ते स्पेस शटल! मोठी यंत्रणा कशी उभी राहते हे समजायला तो उत्तम आहे, पण पंखाचं क्षेत्रफळ काढायला शिकवणारा नाही. सर्टिफिकेट तिथे मिळतच नाही.

खरी कसोटी आकड्यांची असते. माझा नियम असा: आकडा कुठे, कोणत्या परिस्थितीत मोजला हे सापडत नसेल, तर तो वापरायचा नाही. नासाच्या तांत्रिक अहवालांचं भांडार इथे सोन्यासारखं आहे. एनएसीए या नासाच्या पूर्वीच्या संस्थेचा १९४५ चा ८२४ क्रमांकाचा अहवाल आजही फुकट उतरवून घेता येतो. सेस्ना १७२ च्या पंखामुळे ओळखीचा झालेला २४१२ एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) त्यात आहे. पहिला आकडा २, म्हणजे जास्तीत जास्त बाक कॉर्डच्या (पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या लांबीच्या) २ टक्के. ४ म्हणजे तो बाक पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर. १२ म्हणजे जाडी १२ टक्के.

पण इथेच आम्ही फसलो होतो. २० सेंटिमीटर कॉर्डचं, सेकंदाला १२ मीटर वेगाचं थर्माकोलचं मॉडेल केलं आणि लिफ्टचा (वर उचलणाऱ्या बलाचा) आकडा थेट ८२४ मधून उचलला. त्या चाचण्या ३० ते ९० लाख रेनॉल्ड्स नंबरच्या (वेग, कॉर्ड आणि हवेचा चिकटपणा यांतून निघणारा आकडा). आमचा जेमतेम दीड लाख. मॉडेल अपेक्षेपेक्षा फार लवकर स्टॉल होऊन (लिफ्ट एकदम ढासळून) नाकावर आदळलं. चूक अहवालाची नव्हती, आमची होती. मॉडेलसाठी इलिनॉय विद्यापीठाचा एअरफॉइल संग्रह आणि त्यांच्याच मंद वेगाच्या चाचण्या घ्या. जोडीला एमआयटीच्या मार्क ड्रेला यांचं एक्सफॉइल हे एअरफॉइलचं गणित करणारं सॉफ्टवेअर चालवा; तेही फुकट आहे. मात्र स्टॉलच्या पुढे त्याच्या उत्तरांवर विसंबू नका.

एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठाचा प्राथमिक कोर्स चांगला आहे, पण फुकट बघायला मुदत असते, म्हणून माझ्या यादीत तो मागे. यूट्यूब नुसतं कुतूहलापुरतं. नियमांसाठी कुणाचंही स्पष्टीकरण वाचण्याआधी ईएएसएचं (युरोपच्या विमान-सुरक्षा संस्थेचं) मोठ्या विमानांसाठीचं सीएस-२५ उघडा. मोठ्या विमानाच्या सांगाड्याला १.५ चा सुरक्षा गुणक लागतो, तो तिथे मूळ शब्दांत आहे. विमानाचा आकार स्क्रीनवर उभा करायला नासाचं ओपनव्हीएसपी हे सॉफ्टवेअर पुरतं. ते २०१२ पासून सर्वांना खुलं आहे.

यातलं काहीही निवडा, पण उदाहरणांतली हवा बहुधा १५ अंशांची, समुद्रसपाटीवरची असते. घनता घनमीटरला १.२२५ किलो. आपलं नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर. मे महिन्यात पारा ४५ वर गेला, की हीच घनता १.०७ च्या आसपास येते. त्याच वेगाला लिफ्ट जवळपास १३ टक्के कमी. पहिलं गणित सोडवून झालं की तेच नागपूरच्या हवेत पुन्हा सोडवा आणि धावपट्टी किती जास्त लागते ते बघा.